जुनी देणी

टपालाच्या विमानातून पाकीट उतरलं,
डायपरच्या खोक्यांवर, बर्फ झटकून.
आत सोळा प्रश्न.
पहिलाच: पुढच्या बिशपमध्ये आपण कोणते गुण शोधता?
उत्तराला तीन ओळी.

माझं अक्षर बरं, म्हणून समितीत मी.
बाहेर उणे चाळीस. पेन काखेत धरून आणलं,
तरी पहिली ओळ कोरडीच उमटली.
शेगडीभोवती अकरा माणसं
आणि एक कुत्रं, ज्याला मत नव्हतं.

इनॉक म्हणाला, लिही: कुदळ धरता यावी.
लिडियाला पुरलं त्या जानेवारीत
दोन दिवस जमिनीवर जाळ ठेवला होता आपण,
तेव्हा कुठे माती हाताला लागली.
म्हातारा बिशप झगा खोचून खड्ड्यात उतरला होता.
त्याच्या तळव्यांवरचे फोड
मी रविवारी पाहिले, तो भाकर मोडत असताना.

डॉर्कस म्हणाली, आपली भाषा यावी.
त्याला कुठे येत होती?
येत होते अकरा शब्द, त्यातले सात चुकीचे.
'देव तुमच्यावर दया करो' म्हणायला गेला एकदा
आणि म्हणाला, 'देव तुमच्यावर चरबी करो.'
आम्ही आमेन म्हटलं, जोरात.
त्या शरदात कॅरिबू आले
ते पाठीवर चार बोटं चरबी घेऊनच.

सायलसला विमान उडवणारा हवा.
त्याच्या बायकोला न उडवता येणारा हवा,
म्हणजे आला की आठवडाभर अडकून पडेल,
पोरांच्या डोक्यावरून घाईत हात फिरवून
निघून जाणार नाही.
मी दोन्ही लिहिलं. एकाच ओळीत.

मग मायरा.
नऊ वर्षं तिनं चर्चची पायरी चढली नव्हती.
वेदीवरचं मूसच्या कातड्याचं वस्त्र तिच्याच हातचं,
मणी न् मणी, त्याआधीचं.
टोपीही न काढता म्हणाली, लिही:
आल्या आल्या त्यानं मिशनच्या शाळेमागं जावं.
तिथं माझा भाऊ आहे.
फळीवर नाव नाही, आकडा आहे.
माफी मागावी. नाव विचारावं.
आणि मग बोलू नये,
जेवायची वेळ होईपर्यंत.

शेगडीत ओलं लाकूड चुरचुरलं.
कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसलं.
मी सोळाही प्रश्न पुन्हा वाचले,
भावाला जागा नव्हती कुठे.
अकरावा हिशेबाचा होता:
'जुनी देणी असल्यास तपशील द्यावा.'
तिथं लिहिलं.
समासात गेलं, मागच्या पानावर गेलं.
पेन आता छान चालत होतं.

एप्रिलमध्ये चार उमेदवारांचे फोटो आले.
तिघे पुरुष, एक बाई, दात सगळ्यांचे सरळ.
इनॉकनं खिडकीशी नेऊन पाहिले,
उलटे करूनही पाहिले.
फोटो छातीपर्यंतच.
हात कुणालाच नव्हते.

मतदान शहरात झालं.
फोन आला त्याच दुपारी युकॉन फुटली.
आधी बंदुकीसारखा एक आवाज, मग चहूकडून,
घराएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत,
आणि चुलीवर भांडी तशीच टाकून
गाव काठाकडे धावत सुटलेलं.
फोनमधून नाव आलं, मला ऐकू आलं नाही.
पुन्हा सांगा म्हटलं. पुन्हाही नाही.
शेवटी तिकडच्या बाईनं अक्षर अक्षर सांगितलं,
मी तळहातावर उतरवून घेतलं आणि पळाले.

काठावर मायरा, टोपी खिशात.
'कोण?'
मी हात पुढे केला. घामानं अर्धं नाव पसरलं होतं.
तिनं तो धरून ठेवला, वाचत राहिली,
एका नावाला लागतो त्याहून जास्त वेळ.
'अकराव्याचं काय झालं?'
'पोच आलेली नाही अजून.'
'बरं,' म्हणाली,
आणि हात न सोडता
नदी जाताना बघत राहिली.